मिसूरी तडजोड

मिसूरी तडजोड : (१८२०–२१). गुलामगिरीच्या प्रसारावरून अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत उत्तर व दक्षिण यांच्यात निर्माण झालेला पेच सोडविण्यासाठी काँग्रेसने केलेली वैधानिक व्यवस्था. तीनुसार मिसूरीला गुलामगिरी असलेले आणि मेनला गुलामगिरी नसलेले राज्य म्हणून संघराज्यात प्रवेश मिळाला. तसेच लुइझियाना खरेदीतील उर्वरित मुलखात ३६° ३०′ उत्तर अक्षवृत्ताच्या उत्तरेस गुलामगिरीला बंदी करण्यात आली. या व्यवस्थेमुळे संघराज्यातील फूट काही दशके टळली. मात्र ज्यांच्या आयुष्याचा निवाडा होत होता, त्या गुलामांचे म्हणणे तिच्या कोणत्याही टप्प्यावर विचारात घेतले गेले नाही.

पार्श्वभूमी : स्वातंत्र्ययुद्धानंतर उत्तरेकडील राज्यांनी गुलामगिरी एकदम किंवा टप्प्याटप्प्याने रद्द केली आणि १७८७ च्या वटहुकुमाने ओहायओ नदीच्या वायव्येकडील प्रदेशात तिला मज्जाव झाला. दक्षिणेत मात्र उलटे घडले. एली व्हिटनीने १७९३ मध्ये सरकी काढण्याचे यंत्र तयार केले आणि इंग्लंडमधील गिरण्यांची मागणी वाढत गेली, तशी कापसाची लागवड पश्चिमेकडे झपाट्याने पसरली. १८०८ पासून परदेशातून गुलाम आणण्यास बंदी झाली. तरी व्हर्जिनिया, मेरिलंड यांसारख्या जुन्या राज्यांतून नव्या कापूसपट्ट्यात गुलाम विकण्याचा अंतर्गत व्यापार फोफावला. त्यात कुटुंबेच्या कुटुंबे विखुरली गेली.

१८०३ मध्ये अमेरिकेने फ्रान्सकडून लुइझियानाचा विस्तीर्ण मुलूख दीड कोटी डॉलरना विकत घेतला. तेथे फ्रेंच व स्पॅनिश अंमलापासूनच गुलामगिरी रूढ होती. केंटकी, टेनेसी, व्हर्जिनिया इ. राज्यांतील वसाहतकरी मिसूरी नदीच्या खोऱ्यात आले, ते आपले गुलाम बरोबर घेऊन. १८२० च्या जनगणनेत मिसूरीच्या सु. ६६,५०० लोकसंख्येत दहा हजारांहून अधिक गुलाम होते.

या प्रश्नाला राजकीय सत्तेची बाजूही होती. संविधानानुसार प्रतिनिधिगृहातील जागा ठरविताना गुलामांची तीन-पंचमांश संख्या हिशोबात धरली जाई. मताधिकार नसलेल्या या माणसांमुळे त्यांच्या मालकांच्या राज्यांचे बळ वाढे. तरीही उत्तरेची लोकसंख्या वेगाने वाढल्याने प्रतिनिधिगृहात तिचे बहुमत झाले होते. सेनेटमध्ये मात्र प्रत्येक राज्याला दोनच जागा असल्याने दक्षिणेची सारी भिस्त त्या सभागृहावर होती. डिसेंबर १८१९ मध्ये ॲलाबॅमा राज्य झाल्यावर दोन्ही प्रकारची राज्ये प्रत्येकी अकरा झाली. मिसूरीच्या प्रवेशाने हा तोल ढळणार होता.

टॉलमज उपसूचना : फेब्रुवारी १८१९ मध्ये मिसूरीविषयीचे विधेयक प्रतिनिधिगृहापुढे असताना न्यूयॉर्कचे सदस्य जेम्स टॉलमज यांनी त्यात दोन अटी घालण्याची उपसूचना मांडली : मिसूरीत यापुढे नवे गुलाम आणू नयेत आणि राज्य झाल्यानंतर जन्मणाऱ्या गुलामांच्या मुलांना वयाच्या पंचविसाव्या वर्षी मुक्त करावे. प्रतिनिधिगृहाने ती मान्य केली, सेनेटने फेटाळली. मतदान पक्षानुसार न होता प्रदेशानुसार झाले. जेम्स मन्‍रो यांच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या कारकिर्दीत फेडरलिस्ट पक्ष क्षीण झाला होता आणि राष्ट्रीय एकोप्याची भाषा रूढ होती. त्या एकोप्याखालील दुभंग या मतदानाने उघड केला.

नव्या राज्याला प्रवेश देताना अटी घालण्याचा अधिकार काँग्रेसला आहे आणि सर्व माणसे समान आहेत हे स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यातील तत्त्व गुलामगिरीशी विसंगत आहे, असा उत्तरेकडील सदस्यांचा युक्तिवाद होता. न्यूयॉर्कचे सेनेटर रूफस किंग यांनी तो प्रभावीपणे मांडला. नवी राज्ये जुन्यांच्या बरोबरीची असल्याने त्यांच्यावर वेगळी बंधने लादता येत नाहीत, असे दक्षिणेचे म्हणणे होते. गुलाम विस्तृत प्रदेशात विखुरले तर त्यांची स्थिती सुधारेल, असाही दावा करण्यात आला. प्रत्यक्षात १८२० मध्ये सु. १५ लाख असलेली गुलामांची संख्या १८६० पर्यंत सु. ४० लाखांवर पोहोचली.

तडजोडीचे स्वरूप : याच सुमारास मॅसॅचूसेट्सपासून अलग होऊन मेनने स्वतंत्र राज्याचा दर्जा मागितला. सेनेटने मेन व मिसूरी यांचे प्रवेश एकत्र जोडले. इलिनॉयचे सेनेटर जेसी टॉमस यांनी ३६° ३०′ या सीमारेषेची सूचना मांडली. त्या रेषेच्या उत्तरेस असूनही मिसूरीचा अपवाद करण्यात आला. बंदी असलेल्या भागात पळून गेलेल्या गुलामांना परत ताब्यात घेण्याची मुभाही मालकांना मिळाली. प्रतिनिधिगृहाचे सभापती हेन्री क्ले यांनी वेगवेगळ्या तरतुदींवर स्वतंत्र मतदान घडवून आणले. मिसूरीवरील गुलामगिरीविषयक अट वगळण्याचा प्रस्ताव ९० विरुद्ध ८७ अशा निसटत्या मतांनी, तर सीमारेषेचा प्रस्ताव १३४ विरुद्ध ४२ मतांनी संमत झाला. मन्‍रो यांनी ६ मार्च १८२० रोजी मिसूरीविषयक कायद्यावर सही केली. १५ मार्च रोजी मेन हे तेविसावे राज्य झाले.

मिसूरीने तयार केलेल्या राज्यघटनेत मुक्त कृष्णवर्णीयांना राज्यात येण्यास बंदी करणारे कलम होते. एका राज्याच्या नागरिकांना दुसऱ्या राज्यात समान हक्क देणाऱ्या संघीय संविधानाशी ते विसंगत असल्याने वाद पुन्हा पेटला. हे कलम अन्य राज्यांतील नागरिकांच्या हक्कांना बाध आणण्यासाठी वापरले जाणार नाही, असे आश्वासन मिसूरीकडून घेण्याचा तोडगा क्ले यांनी काढला. १० ऑगस्ट १८२१ रोजी मिसूरी हे चोविसावे राज्य झाले. आश्वासनाचा मुक्त कृष्णवर्णीयांना प्रत्यक्षात फारसा उपयोग झाला नाही.

परिणाम : निवृत्त राष्ट्राध्यक्ष टॉमस जेफर्सन यांना हा वाद रात्री अचानक वाजणाऱ्या आगीच्या घंटेसारखा वाटला. परराष्ट्रमंत्री जॉन क्विन्सी ॲडम्स यांनी त्याला एका मोठ्या शोकांतिकेची केवळ सुरुवात मानले. तूर्त मात्र राज्ये जोडीने घेण्याचा प्रघात पडला : १८३६ मध्ये आर्कॅन्सॉ व १८३७ मध्ये मिशिगन दाखल झाले. मेक्सिकोकडून १८४८ मध्ये मिळालेल्या मुलखाला ही सीमारेषा लागू नसल्याने वाद पुन्हा उफाळला. सेनेटर स्टीव्हन डग्लस यांनी पुढाकार घेतलेल्या १८५४ च्या कॅन्सस-नेब्रॅस्का कायद्याने ती रेषा रद्द करून गुलामगिरीचा प्रश्न स्थानिक वसाहतकऱ्यांवर सोपविला. त्यातून कॅन्ससमध्ये रक्तपात झाला आणि गुलामगिरीच्या प्रसाराला विरोध करणारा रिपब्लिकन पक्ष उदयास आला. बंदी असलेल्या प्रदेशात वास्तव्य झाल्याने आपण मुक्त आहोत, असा दावा ड्रेड स्कॉट या मिसूरीतील गुलामाने केला होता. सर्वोच्च न्यायालयाने १८५७ मध्ये तो फेटाळला आणि १८२० ची बंदीच घटनाबाह्य ठरविली.

१८६१ मध्ये यादवी युद्ध सुरू झाले, तेव्हा मिसूरी संघराज्यातून फुटले नाही. त्यामुळे राष्ट्राध्यक्ष लिंकन यांची फुटीर राज्यांपुरतीच असलेली १८६३ ची मुक्तिघोषणा तेथील गुलामांना लागू झाली नाही. मिसूरीने ११ जानेवारी १८६५ रोजी आपल्या हद्दीतील गुलामगिरी रद्द केली आणि त्याच वर्षी तेराव्या घटनादुरुस्तीने ती प्रथा संपूर्ण देशातून कायद्याने नष्ट झाली.