देवीची लेव्हल

मी बी.कॉम. आहे आणि बँकेत क्लार्क आहे. तेव्हा दैवतशास्त्रावर लिहिण्याचा मला काडीचाही अधिकार नाही. पण गेल्या मार्गशीर्षात योगेश्वरीच्या नवरात्रासाठी आमचे भाचेबुवा पुण्याहून अंबाजोगाईला आले आणि हा विषय आमच्या ओसरीवर येऊन बसला तो बसलाच. शिवाय त्यात थकबाकीचा मुद्दा निघाला. थकबाकी म्हटल्यावर गप्प बसणे आमच्या खात्यात शिकवलेले नाही.

भाचेबुवा इंजिनिअरिंगला आहेत. त्यांच्या बॅगेतून एक जाडजूड पुस्तक आणि एक कापडी पिशवी निघाली. पिशवीत सुपाऱ्या असतील असे वाटून आईने ती देवघरात नेऊन ठेवली. आत फासे होते. चार बाजूंचे, आठ बाजूंचे, एक तर चक्क वीस बाजूंचा. हा शकुनीच्या हाती लागला असता तर पांडवांना तेरा वर्षांत सुटका मिळती ना.

"मामा," भाचेबुवा पोहे खात म्हणाले, "आपल्या योगेश्वरीची लेव्हल किती धरू?"

मी आधी स्वयंपाकघराकडे पाहिले. आईचे वय ऐंशी. गुडघे गेले आहेत, पण कान शाबूत आहेत.

प्रकार असा होता. मित्रमंडळी टेबलाभोवती बसतात. एक जण योद्धा होतो, एक मांत्रिक, एक चोर. एक जण गोष्ट सांगतो आणि बाकीचे त्या गोष्टीत शिरून पराक्रम करतात. पराक्रम जमला की नाही हे फासा ठरवतो. भाचेबुवा या वेळी बालाघाटाच्या डोंगरात घडणारी गोष्ट रचत होते आणि तिच्यात देवी हवी होती. देवी आली म्हणजे तिची ताकद आकड्यात मांडायला हवी, हा त्या खेळाचा शिरस्ता.

हा खेळ अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी १९७४ साली छापून विकायला काढला. नाव 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. दोनच वर्षांत पंचाईत झाली. खेळणाऱ्यांचे योद्धे चाळिसाव्या लेव्हलच्याही वर जाऊन बसले. आमच्याकडे एकेकाळी पगारवाढीची श्रेणी संपून माणसे वरच्या टोकाला अडकून बसत, तसे. त्यांना जमिनीवर आणण्यासाठी १९७६ मध्ये रॉबर्ट कुंट्झ आणि जेम्स वॉर्ड यांनी देवांचेच पुस्तक काढले. त्यात ग्रीक, इजिप्शियन, उत्तरेकडचे आणि आपलेही देव. प्रत्येकाला किती मार सोसेल याचे गुण. प्रस्तावनेत संपादकाने बजावले की अहो, प्रत्यक्ष ओडिन हा देवांचा बाप, त्याला तीनशे गुण, तिथे तुमच्या चव्वेचाळिसाव्या लेव्हलच्या सरदाराची काय मातब्बरी? हेतू चांगला होता. पण आकडा छापला की माणसाला तो ओलांडावासा वाटतो. अनेकांनी ते पुस्तक मारायच्या देवांची यादी म्हणून वाचले. ठेवींचे उद्दिष्ट परिपत्रकात आले की त्याचे पुढे काय होते हे ज्याने पाहिले आहे, त्याला याचे नवल वाटणार नाही.

पुढे १९८० मध्ये देवांचे मोठे पुस्तक निघाले, त्यात थोरले देव, धाकटे देव, अर्धे देव अशी वर्गवारी. २००२ च्या आवृत्तीत तर शून्यापासून वीसपर्यंत दर्जे लावले. एक ते पाच अर्धे देव, सोळा ते वीस थोरले, आणि त्याच्यावर आणखी कोणीतरी, ज्याच्याकडे अर्जही करता येत नाही. वेतन आयोगाचा अहवाल वाचावा तसे मी ते वाचले. खरे सांगतो, मजा आली.

"हे पाश्चात्त्यांचं खूळ," असे म्हणून मी पुस्तक मिटणार होतो. पण म्हणवेना. कारण हा हिशेब आपल्याकडे फार जुना आहे.

बृहदारण्यक उपनिषदात जनकाच्या दरबारी शाकल्य याज्ञवल्क्याला विचारतो, देव किती? उत्तर मिळते, ३३०६. बरं, पण खरोखर किती? तेहतीस. खरोखर किती? सहा. मग तीन, मग दोन, मग दीड आणि शेवटी एक. दीड देव! जगातल्या कुठल्याही ताळेबंदात मी असा अपूर्णांक पाहिलेला नाही. (तो दीड म्हणजे वारा, असा खुलासा पुढे आहे.) शाकल्य मात्र प्रश्न विचारायचे थांबला नाही आणि शेवटी त्याचे डोके गळून पडले. ऑडिटला येणाऱ्या साहेबांना मी ही गोष्ट आवर्जून सांगतो.

इंद्राचे पाहा. इंद्र हे नाव नव्हे, हुद्दा आहे. दर मन्वंतराला नवा इंद्र, एका कल्पात चौदा, आणि पुढच्या मन्वंतरातला इंद्र बळी हे आत्ताच जाहीर झालेले आहे. इतक्या आधी बदलीची यादी लागलेली मी दुसरीकडे पाहिली नाही. शंभर अश्वमेध पुरे केले की त्या पदावर हक्क सांगता येतो, म्हणून सगराचा शंभरावा घोडा इंद्राने पळवला. आमच्याकडे घोडे नसतात, गोपनीय अहवाल असतात.

आणि वर! वर म्हणजे निव्वळ कलमे आणि उपकलमे. हिरण्यकशिपूने माणूस नको, पशू नको, घरात नको, बाहेर नको, दिवसा नको, रात्री नको असा बिनतोड मसुदा करून घेतला. नृसिंहाने काय केले? मसुदा रद्द केला नाही. तो नीट वाचला आणि उंबरठ्यावर, संध्याकाळी आला. महिषासुराच्या वरात स्त्रीचा उल्लेख राहून गेला, तेवढ्यावर देवीने काम भागवले. एकदा दिलेला शब्द मोडायची सोय वरच्यालाही नाही. भाचेबुवांच्या पुस्तकातला थोरला देव काय काय करू शकतो याला पंधरा पाने आहेत. त्याने काय करू नये हे आमच्या पोथ्यांनी जास्त बारकाईने लिहिले.

हे लिहिण्यात आमचा मराठवाडा मागे नव्हता. यादवांचा मंत्री हेमाद्री याने तेराव्या शतकात देवगिरीला बसून 'चतुर्वर्गचिंतामणी' केला. त्यातल्या व्रतखंडात कोणत्या तिथीला कोणाचे काय केले असता काय मिळते, याची शेकडो व्रते आहेत. इतकी शिस्तीची नियमपुस्तिका मी आजवर फक्त रिझर्व्ह बँकेची पाहिली. गंमत अशी की त्याच्या आधीच, ११८८ साली, मुकुंदराजांनी 'विवेकसिंधु' लिहून सगळे एकच आहे असे मराठीत सांगून टाकले होते. त्यांची समाधी आमच्याच गावाबाहेर. म्हणजे वर्गवारी देवगिरीला आणि एकत्रीकरण आंबेजोगाईला. मुख्य कचेरी आणि शाखा यांचे पटू नये, ही परंपरा तशी जुनीच.

पण मला सगळ्यात जवळची वाटते ती दासोपंतांची गोष्ट. दासोपंत (१५५१ ते १६१५) अंबाजोगाईचे, सुमारे चाळीस फूट लांब कापडावर लिहिलेली त्यांची पासोडी प्रसिद्ध आहे. ते लहान असतानाची कथा सांगतात. वडील देशपांडे. दुष्काळ पडला, वसूल झाला नाही. बीदरच्या दरबाराने पोरगा ओलीस ठेवून घेतला आणि पैसे भरायची मुदत दिली. मुदतीच्या दिवशी दत्ताजी पाडेवार नावाचा इसम पैशांची थैली घेऊन दरबारात हजर. सगळी रक्कम मोजून भरली, पोराला सोडवले आणि दिसेनासा झाला. तो दत्त होता. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांसाठी विठ्ठल असाच विठू महार होऊन गेला होता.

आता ही कथा एखाद्या क्लार्कच्या नजरेने वाचा. देवाला काय अशक्य होते? दरबाराच्या वह्या कोऱ्या करता आल्या असत्या, बीदरचा किल्ला जाग्यावरून हलवता आला असता. त्याने चलन भरले. विठोबाने तर पावतीसुद्धा घेतली. वीस दर्जाचा देव रोखपालाच्या खिडकीपुढे उभा राहिला, आपली पाळी येईपर्यंत. कर्जमाफी करणारे पुष्कळ पाहिले. कर्ज भरणारा हा एवढाच.

पुढे इंग्रज आले आणि त्यांनी देवाला कायद्यात बसवले. डाकोरच्या रणछोडरायाचे देऊळ बांधणारे तांबवेकर मूळचे मराठी. त्या देवळापुढे येणाऱ्या द्रव्याचा दावा मुंबई हायकोर्टात गेला तेव्हा १८८७ साली कोर्टाने देवाला कायदेशीर व्यक्ती मानले आणि सेवकांना सांगितले की ही मिळकत तुमची नव्हे, हिशेब द्या. १९२५ मध्ये कलकत्त्याच्या मलिक घराण्याची भांडणे लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत पोचली. घरातला देव पाळीप्रमाणे आपापल्या घरी न्यायचा की नाही, हा वाद. न्यायमूर्तींनी ठरवले की यात देवाचीही इच्छा लक्षात घेतली पाहिजे आणि त्याच्या बाजूने बोलायला तिऱ्हाईत माणूस द्यावा. १९६९ साली आपल्या सुप्रीम कोर्टाने देव हा प्राप्तिकरासाठीही 'व्यक्ती' आहे असा निकाल दिला. ओडिनला तीनशे गुण असतील, पण त्याला कोणी रिटर्न भरायला लावले नव्हते.

आणि कायद्याच्या दृष्टीने देव नेहमी अल्पवयीन. त्याला स्वतःचा व्यवहार स्वतः करता येत नाही, पालक लागतो. अल्पवयीनाला आपल्या कायद्याच्या मराठीत काय म्हणतात, ठाऊक आहे? अज्ञान. मुकुंदराजांच्या गावात बसून हे मला काउंटरवर समजावून सांगावे लागते.

हे सगळे मी भाचेबुवांना रंगून सांगत होतो. तेही वहीत टिपून घेत होते. शेवटी ते म्हणाले, "ते ठीक आहे मामा, पण योगेश्वरीची लेव्हल?"

"तिची लेव्हल काय विचारायलास?" आई दारात येऊन उभी होती. "तिला सोताचं लगीन करता आलं न्हाई."

आमच्या गावाला ही गोष्ट सांगावी लागत नाही, पण पुण्याला लागते. देवी कोकणची. परळीच्या वैजनाथाशी तिचे लग्न ठरले. वऱ्हाड निघाले, इथवर आले आणि मुहूर्त टळला. परळी उरली होती पंचवीस-सव्वीस किलोमीटर. वऱ्हाडाचा दगड झाला, आमच्या हत्तीखान्याच्या लेण्यांतले हत्ती त्यातलेच म्हणून दाखवतात. देवी कुमारी राहिली ती इथेच. दंतासुराला मारणारी ही बाई. घड्याळ मागे करणे तिला अवघड नव्हते. तिने केले नाही.

"टायमाला पोचलं न्हाई तर न्हाई," आई म्हणाली. "दुसऱ्याला नियम लावायचा तर आपल्यालाबी लावावा लागतो. तू काय रे, मान खाली घातलीस?"

मी मान खाली घातली होती, कारण पुढे काय येणार हे मला माहीत होते.

बँकेची परीक्षा दिली तेव्हा आईने नवस बोलला होता. नोकरी लागली तर माझा लेक परळीहून अंबाजोगाईला पायी येईल. नोकरी लागली. त्याला आता चोवीस वर्षे झाली. पहिल्या वर्षी प्रोबेशन, मग बदली, मग लग्न, मग दरसाल मार्चअखेर, जी आमच्याकडे ऑगस्टपासून सुरू होते. बँकेत नव्वद दिवस हप्ता आला नाही की कर्ज अनुत्पादक ठरते. माझी चोवीस वर्षे.

मी बचाव मांडला. करारावर माझी सही नाही. तिसऱ्याने परस्पर केलेला करार मला बांधत नाही. शिवाय तीन वर्षांत दावा लावला नाही तर बाकी मुदतबाह्य होते.

"कशी होईल?" आई म्हणाली. "मी दर नवरात्रात जाऊन सांगते की. आई, औंदा न्हाई जमलं, पुढच्या साली नक्की येतो म्हणलाय."

कर्जदाराकडून दरसाल बाकी मान्य असल्याचे पत्र घ्यावे, म्हणजे मुदत पुन्हा पहिल्यापासून मोजली जाते. हे आम्हाला ट्रेनिंगमध्ये शिकवले होते. आईने ट्रेनिंग केलेले नाही. ती चोवीस वर्षे माझे नूतनीकरण करत होती. आणि ज्याला मी 'नक्की येतो' म्हणत होतो, ते मी कधी म्हटलेलेच नव्हते.

"पुढच्या महिन्यात गुडघ्याचं आपरेशन हाय," ती म्हणाली. "देवी थांबती रे. तिला थांबायची सवय हाय. मी किती थांबू?"

भाचेबुवांनी वही मिटली.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी पहाटे आम्ही दोघे परळीला वैजनाथाचे दर्शन घेऊन निघालो. पहिले दहा किलोमीटर मी भाचेबुवांना प्रिव्ही कौन्सिल पुन्हा समजावले. पुढचे पाच मी फक्त हं म्हणत होतो. बालाघाटाचा चढ लागला तेव्हा ते माझी पिशवी घेऊन पुढे गेले होते आणि उसाची ट्रॅक्टर-ट्रॉली थांबवून ड्रायव्हर मला विचारत होता, "बसता का साहेब?" खोटे कशाला बोलू, मी एक पाय वर ठेवला होता. मग दत्ताजी पाडेवार आठवला आणि पाय खाली घेतला.

देवळाशी पोचलो तेव्हा दिवेलागण कधीच होऊन गेली होती. संध्याकाळची आरतीही. आई रिक्षाने येऊन पायऱ्यांपाशी बसली होती, मांडीवर नारळ.

"उशीर झाला," मी म्हणालो. माझे पाय गुडघ्याखाली कळत नव्हते. वऱ्हाडाची सुरुवातही तिथूनच झाली असावी.

आईने माझा हात धरून स्वतःला उठवले. "चल आत. नाव मी सांगते, तू नुसता हुभा ऱ्हा," ती म्हणाली. "आन् तिथं पावती मागत बसू नको."