तेरा वर्षांचा कारभारी



तुकोबाराय म्हटलं की आपल्याला टाळ-वीणा दिसते, इंद्रायणी दिसते. पण संत होण्याआधी ते एका घरातलं पोर होते. आज त्या पोराची कथा ऐका.

घोटावड्याहून देहू काही लांब नाही. तिथं बोल्होबा आणि कनकाईंचं नांदतं घर. शेती, दुकान, सावकारी, पेठेची महाजनकी. मुलगे तीन. थोरले सावजी, मधले तुकोबा, धाकटे कान्होबा. बोल्होबा थकले, त्यांनी थोरल्याला कारभार घ्यायला सांगितला. सावजी विरक्त वृत्तीचे, ते नको म्हणाले. मग ओझं आलं मधल्यावर. महिपतीबाबा ताहराबादकर सांगतात, तेव्हा तुकोबांचं वय होतं तेरा!

सतराव्या वर्षी आईवडील गेले. पुढच्या वर्षी भावजय गेली आणि सावजी तीर्थयात्रेला निघून गेले. मिसरूड फुटायच्या वयात सगळं घर अंगावर. त्यात १६३० चा दुष्काळ. धंदा बुडाला, पत्नी रखुमाई अन्नावाचून गेली, लेक संतू गेला. तुकोबा भामचंद्र डोंगरावर जाऊन बसले. त्यांना शोधत कोण फिरलं? धाकटा कान्होबा.

आता पुढचं नीट ऐका. इंद्रायणीकाठी सावकारीची खतं पुढ्यात घेतली. तुकोबांना सगळीच बुडवता आली असती. पण निम्मी कान्होबाच्या हाती दिली आणि आपल्या वाट्याची तेवढी डोहात सोडली. थोरल्याच्या वैराग्याचं ओझं ज्यानं तेराव्या वर्षी उचललं, त्यानं आपल्या वैराग्याचं ओझं धाकट्यावर टाकलं नाही!

मायबाप हो, आज आपल्या मुळशीत जमिनीला भाव आला आणि भावाला भाव नकोसा झाला. वाटणीचा दावा कोर्टात, बोलाचाली ओसरीवर, आणि आतल्या खोलीत दहावीतलं पोर पुस्तक उघडून बसलेलं. त्याचं लक्ष अक्षरात असतं का हो? ते सगळं ऐकत असतं. काकाकडे जाऊ नको म्हटलं की गप्प बसतं. आपण म्हणतो, पोरगं घुमं झालं.

त्याला आपल्या भांडणात साक्षीला उभं करू नका. ते रुसून डोंगरावर जाऊन बसलं, तर कान्होबासारखं शोधत जा. आणि लेकरांनो, घरचं ओझं फार झालं तर एकट्यानं वाहू नका. आजीला सांगा, मावशीला सांगा, गुरुजींना सांगा. तुमच्या वाट्याचं तेवढंच तुमचं.

बोला, ज्ञानोबा माउली तुकाराम!