बास्केटबॉलमधील खेळाडू आणि नियम : एक ऐतिहासिक विवेचन

प्रस्तावना

डिसेंबर १८९१ मध्ये अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे जेम्स नायस्मिथ या शिक्षकाने हिवाळ्यात छताखाली खेळता यावा म्हणून एक नवा खेळ रचला. पीच फळांच्या दोन टोपल्या आणि १३ नियम एवढेच त्याचे भांडवल होते. अनेक खेळ आधी लोकांत रूढ झाले व नंतर नियमबद्ध झाले. बास्केटबॉलचे नियम मात्र खेळाच्या आधी लिहिले गेले. त्यामुळे नियमकर्ता आणि खेळाडू यांच्यातील ताण या खेळाच्या इतिहासात विशेष ठळकपणे दिसतो. ज्याच्यामुळे नियम बदलावे लागले, किंवा ज्याने जुन्याच नियमाला नवा अर्थ दिला, तो खेळ बदलणारा खेळाडू होय, या दृष्टीने प्रस्तुत लेखात काही निवडक खेळाडूंचा विचार केला आहे.

उंचीचा प्रश्न : जॉर्ज मायकन

शिकागोच्या डीपॉल विद्यापीठातील ६ फूट १० इंच उंचीचा मायकन आणि ओक्लाहोमाचा ७ फुटी बॉब कर्लंड हे कड्याच्या वर हात नेऊन खाली येणारा चेंडू परतवून लावत. परिणामी १९४४ मध्ये महाविद्यालयीन स्पर्धांत ही कृती निषिद्ध ठरली. पुढे मायकन व्यावसायिक खेळात आला, तेव्हा त्याला कड्याजवळ ठाण मांडता येऊ नये म्हणून १९५१ मध्ये तीन सेकंदांच्या क्षेत्राची रुंदी ६ फुटांवरून १२ फूट करण्यात आली. त्याची सरासरी २८.४ गुणांवरून २३.८ वर आली. तरीही त्याच्या मिनियापोलिस लेकर्स संघाने १९५२, १९५३ व १९५४ अशी सलग तीन विजेतेपदे मिळवली.

मायकनच्या धास्तीचे दुसरे फलित अधिक दूरगामी होते. २२ नोव्हेंबर १९५० रोजी फोर्ट वेन संघाने चेंडू स्वतःकडेच राखून लेकर्सना १९-१८ असे हरवले. अशा रटाळ सामन्यांना आळा घालण्यासाठी सिरॅक्यूज संघाचे मालक डॅनी बायसोन यांनी २४ सेकंदांच्या मर्यादेचा आग्रह धरला. १९५४ मध्ये ती लागू होताच एका संघाची सरासरी ७९.५ गुणांवरून ९३.१ वर गेली.

बचावाची प्रतिष्ठा : बिल रसेल

मायकनने आक्रमणाचे केंद्र कड्याजवळ आणले, तर रसेलने तेथेच बचावाची कला उभी केली. अडवलेला चेंडू मैदानाबाहेर न भिरकावता सहकाऱ्याच्या हाती जाईल असा वळवायचा आणि तेथूनच वेगवान प्रतिआक्रमण सुरू करायचे, ही त्याची पद्धत होती. बोस्टन सेल्टिक्सने त्याच्या १३ हंगामांत ११ विजेतेपदे मिळवली. १९६६ मध्ये तो या संघाचा प्रशिक्षक झाला. व्यावसायिक लीगमधील तो पहिला कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक होता.

बंदी आणि वर्ण : ल्यू अल्सिंडर

मार्च १९६६ मध्ये पाच कृष्णवर्णीय खेळाडूंना प्रारंभीच उतरवणाऱ्या टेक्सास वेस्टर्न संघाने केंटकीच्या श्वेतवर्णीय संघाला राष्ट्रीय महाविद्यालयीन स्पर्धेच्या अंतिम सामन्यात पराभूत केले. पुढच्याच वर्षी कॅलिफोर्नियाचा अल्सिंडर चमकला, आणि १९६७ च्या हंगामानंतर महाविद्यालयीन खेळात ‘डंक’वर, म्हणजे चेंडू वरून थेट कड्यात कोंबण्यावर, बंदी आली. इजा व साहित्याची हानी ही कारणे पुढे करण्यात आली. परंतु कृष्णवर्णीय खेळाडूंच्या शैलीवरच हा आघात असल्याची भावना अनेकांनी व्यक्त केली. नियम वरकरणी सर्वांना समान असला, तरी त्याचा भार सर्वांवर समान पडतोच असे नाही, याचे हे बोलके उदाहरण आहे. अल्सिंडरचा संघ बंदीनंतरही १९६८ व १९६९ मध्ये विजेता ठरला. १९७१ पासून करीम अब्दुल-जब्बार या नावाने ओळखल्या गेलेल्या या खेळाडूने ‘स्काय हुक’ हा उंचावरून टाकलेला फटका इतका परिपूर्ण केला की, ३८,३८७ गुणांचा त्याचा विक्रम २०२३ पर्यंत अबाधित राहिला. महाविद्यालयांतील डंकबंदी १९७६ मध्ये उठली.

नियम आधी, खेळाडू नंतर : स्टीफन करी

येथे क्रम उलटा झाला. व्यावसायिक लीगने तीन गुणांची रेषा १९७९ मध्येच स्वीकारली होती. पण दीर्घकाळ प्रशिक्षक तिच्याकडे गौण साधन म्हणून पाहत राहिले. सुमारे सव्वासहा फूट उंचीच्या करीने २०१५-१६ च्या हंगामात तीन गुणांचे ४०२ फटके यशस्वी केले. त्याआधीचा २८६ चा विक्रमही त्याचाच होता. त्याला रेषेच्या बरेच मागे रोखावे लागल्याने बचाव विस्कळीत झाला आणि मैदानाचा वापर होणारा भाग वाढला. मात्र सर्वच संघ या मार्गाने गेल्यामुळे मधल्या अंतराचे फटके विरळ झाले व खेळात एकसुरीपणा आला, हा आक्षेपही दुर्लक्षिता येत नाही.

निष्कर्ष

१. असामान्य खेळाडूस आवरण्यासाठी केलेल्या नियमांनी त्याचे यश फारसे रोखले नाही. खेळाची शक्यता मात्र विस्तारली.

२. डंकबंदीसारखे निर्णय तत्कालीन सामाजिक वास्तवापासून अलग करून समजून घेता येत नाहीत.

३. नियम केवळ संधी निर्माण करतो. तिचा अर्थ खेळाडूच सिद्ध करतो.

शारीरिक शिक्षणाच्या वर्गात क्षेत्राची रुंदी आणि सेकंदांची मर्यादा पाठ करून घेतली जाते. त्या आकड्यांमागे उभा असलेला माणूसही विद्यार्थ्यांना भेटला, तर नियमपुस्तिका हा इतिहासाचा एक दस्तऐवज ठरेल.