ज्यूलचा मुक्त प्रसरणाचा प्रयोग
वायू निर्वात पात्रात शिरला असता रिते होणारे पात्र थंड होते व भरणारे तितकेच तापते, असे गे-ल्युसॅक यास १८०७ मध्ये आढळले होते. १८४५ मध्ये मँचेस्टरच्या ज्यूलने तांब्याची दोन पात्रे एकाच पाण्यात बुडविली, एकात सुमारे २२ वातावरण दाबाची हवा कोंडली व मधली तोटी उघडली. पाण्याचे तापमान बदलले नाही. अर्थात पाणी व तांबे यांची उष्णताधारकता इतकी मोठी होती की, सूक्ष्म फरक दिसणे शक्यच नव्हते.

पाठ्यपुस्तके बहुधा येथेच थांबतात. वस्तुतः ज्यूलने पाण्याचे भाग पाडून प्रयोग पुन्हा केला. एकीकडे थंडी, दुसरीकडे ऊब; बेरीज जवळजवळ शून्य. तोटी उघडताच वायूला एकच दाब वा एकच तापमान उरत नाही. म्हणून दाब-घनफळाच्या आलेखावर आरंभ व अखेर हे दोन बिंदू तेवढे काढता येतात, मधली रेषा नव्हे. आणि क्लाउसिउसने १८६५ मध्ये जिला नाव दिले, ती एन्ट्रॉपी मोजण्यास त्याच बिंदूंमधील एखादा संथ, काल्पनिक मार्ग कल्पावा लागतो.

‘मुक्त’ हे विशेषण काहीसे फसवेच होय. बाह्य कार्यापासून वायू मुक्त असतो खरा. पण आत मागचा वायू पुढच्यास रेटीत असतो, आणि ज्यूलने निरनिराळी मोजली ती थंडी व ऊब या रेट्याचीच.