म्हादईचे सांधे

फुटकी कपबशी जोडायला घरोघरी वापरलेल्या अराल्डाइटच्या दोन नळ्या आठवून पाहा. त्याच कुळातल्या एपॉक्सीने लाकूड आणि काचतंतू जोडून गोव्यातील दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात ‘म्हादई’ ही ५६ फुटी शिडाची नौका घडली. फेब्रुवारी २००९ मध्ये ती नौदलात दाखल झाली.

जुन्या गलबतांच्या फटी कापूस, राळ आणि तेलाने बुजवत. गळती लागली की नौका किनाऱ्यावर ओढून पुन्हा तेच करत. एपॉक्सी अशी दुसरी संधी सहसा देत नाही. रेझिन आणि हार्डनर यांचा संयोग होताना उष्णता निर्माण होते, आणि तापमान दहा अंशांनी चढले की प्रक्रियेचा वेग साधारण दुप्पट होतो. म्हणून उकाड्यात खोल भांड्यात मोठा घाणा कालवला, तर तो वापरण्याआधीच तापून घट्ट होतो. पसरट तबकात ओतला, तर अधिक वेळ मिळतो. भांड्याच्या कडा आणि तळ खरवडून ढवळले नाही, तर सांध्यात कच्चा, चिकट भाग राहतो. लवकर वाळावे म्हणून हार्डनर वाढवला, तरी सांधा कमजोरच होतो.

१९ ऑगस्ट २००९ रोजी कमांडर दिलीप दोंदे मुंबईहून एकटेच निघाले आणि चार बंदरे करत मे २०१० मध्ये परतले. एकट्याने शिडाच्या नौकेतून पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. इतिहासात नाव खलाशाचे राहते, ते योग्यच. पण केप हॉर्नच्या लाटांत त्यांच्या आणि समुद्राच्या मध्ये होते ते दिवाडीवर कुणीतरी नीट मोजून, नीट ढवळून लावलेले एपॉक्सी.