माळ, आरती आणि मुक्कामाचे घर



वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी लेख द्या, असे अध्यक्षबाईंनी सांगितले तेव्हा मी प्रथम नाहीच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंत. वांग्याच्या भरिताची कृती लिहिली असती, पण ते आपल्यापैकी प्रत्येकीला माझ्याहून चांगले जमते. मग मनात आले, की मेहरूणच्या तळ्याकाठी संध्याकाळी बसल्यावर आपण जी गोष्ट हळू आवाजात बोलतो आणि कोणी जवळ आले की थांबवतो, तीच एकदा मोठ्याने सांगावी. ती गोष्ट म्हणजे घरातल्या पुरुषाची दारू.

आमच्या धाकट्या दिरांना हे व्यसन होते. लिहिण्यापूर्वी मी त्यांना आणि जाऊबाईंना विचारले. "लिहा वहिनी, फक्त नाव घालू नका," असे ते म्हणाले. त्यांच्यासाठी आम्ही देवाधर्माचे सर्व उपाय केले. काही फसले, एक लागू पडला. असे का झाले, हे मला कळेना. मुलीने वाचनालयातून पुस्तके आणून दिली, ती दुपारच्या वेळी वाचली. तेव्हा दिसले, की देवाच्या नावाने दारू सोडवण्याचा आपल्या मुलखाला मोठा इतिहास आहे. तोच येथे थोडक्यात सांगते.

पहिला उपाय आपल्या सर्वांना ठाऊक आहे, तो म्हणजे माळ. वारकऱ्याने गळ्यात तुळशीची माळ घातली की मद्य-मांस वर्ज्य. आपल्याच जिल्ह्यातून, मुक्ताईनगरहून, मुक्ताबाईंची पालखी आषाढीला पंढरपुरास जाते. त्या वाटेवर चालून कितीतरी माणसे निर्व्यसनी झाली असतील. गाडगे महाराजांचे चरित्र वाचताना मात्र मी थांबले. त्यांचा जन्म 1876 चा, अमरावतीकडील शेंडगावचा. त्यांचे वडील झिंगराजी दारूपायी गेले. आई सखुबाई लहान मुलाला घेऊन दापुऱ्यास माहेरी राहिली. पुढे हाच मुलगा मोठा झाला, आणि स्वतःच्या मुलीच्या बारशाला जातीच्या रिवाजाप्रमाणे दारू-मटण न देता त्याने गोडाचे जेवण घातले. 1956 साली देह ठेवीपर्यंत ते कीर्तनातून लोकांना दारू सोडा म्हणून सांगत राहिले. एका विधवेच्या पोराने बापाच्या मरणाचा असा अर्थ लावला, हे मला फार मोठे वाटते.

आमच्या दिरांनीही आषाढीला माळ घातली. पोळ्यापर्यंत टिकली. पोळ्याच्या दिवशी मित्रांनी हाक मारली, तेव्हा माळ खुंटीला अडकवून गेले. सासूबाई रडत बसल्या. कोणी म्हणाले, देवाला कसा पावला नाही? तेव्हा त्या म्हणाल्या, "देवानं काय त्याले पाजली? मंग देवाले दोष कायले देता?"

आता जळगावाहून थोडे पश्चिमेस जाऊ. 1906 साली खानदेशाचे पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे झाले. पश्चिम खानदेशात सातपुड्याच्या पायथ्याशी भिल्ल, पावरा, मावची समाजाची मोठी वस्ती. मोहाची दारू तेथे देवाला नैवेद्य म्हणून चढे. पूर्वी लोक ती घरी गाळीत. 1878 च्या आबकारी कायद्याने घरी गाळणे गुन्हा ठरले आणि ठेकेदारांची दुकाने आली. माणूस दुकानात उधारीवर पिऊ लागला, आणि उधारीपायी बैल, भांडी व शेत जाऊ लागले.

अशा वेळी 1922 च्या सुमारास एक नवल घडले. पालघरकडच्या समुद्रकाठच्या कोळ्यांतून "देवी आली" अशी वार्ता निघाली. ती डोंगराडोंगराने नाशिक, डांग, सुरत जिल्हा आणि पश्चिम खानदेशापर्यंत पोहोचली. मांडवाखाली लोक जमत. कोणाच्या तरी अंगात देवी येई आणि हुकूम सुटे: दारू-ताडी सोडा, मांस सोडा, रोज स्नान करा, दारूच्या दुकानदाराकडे कामाला जाऊ नका. हजारो लोकांनी एका दिवसात दारू सोडली. दुकाने ओस पडली. परंतु वर्षा-दोन वर्षांत पुष्कळ गावी लोक पुन्हा पिऊ लागले. जेथे मागाहून भजन, चरखा, आश्रम असे रोजचे काही उभे राहिले, तेथे निश्चय अधिक टिकला. देवी आली आणि निघून गेली. मागे राहणारे कोणी हवे होते.

ते काम तळोदे तालुक्यातील मोरवडच्या गुलाम महाराजांनी केले. हे भिल्ल समाजातले संत. 1930 नंतरच्या वर्षांत त्यांनी लोकांना सांगितले, की दारू सोडा, स्वच्छ राहा, आणि एकमेकांस "आप" म्हणा. बाई असो, पुरुष असो, लहान मूल असो, सर्वांना "आप". ज्याला सावकार आणि शिपाई अरे-तुरे करीत, त्याला आता शेजारी "आप" म्हणू लागला. दारूने माणसाचा मान जातो हे आपण नेहमी म्हणतो. येथे आधी मान दिला आणि मग दारू सोडण्यास सांगितले. दर सोमवारी आरती होई आणि तिला हजारोंनी माणसे जमत. 1938 साली महाराज वारले. त्यांचे बंधू रामदास महाराज यांनी काम पुढे चालवले. इतकी माणसे एकत्र येतात याचीच इंग्रज सरकारला भीती वाटली आणि रामदास महाराजांना जिल्ह्याबाहेर घालवण्यात आले. तरी दर सोमवारची आरती हे माझ्या मते फार शहाणपणाचे काम होते. देवीच्या लाटेत जे नव्हते ते येथे होते. आठ दिवसांत ढळलेला माणूस सोमवारी पुन्हा सर्वांसमोर येई.

त्याच मुलखात पुढे शहाद्याकडे 1972-73 साली आदिवासी भगिनींनी आणखी एक पाऊल टाकले. तेथे मजुरांची चळवळ चालू होती. अंबरसिंग महाराजांसारखे कार्यकर्ते भजनी मंडळांतून पुढे आले होते. बायकांच्या शिबिरात नवऱ्याच्या दारूची आणि माराची गोष्ट निघाली. एकीने सांगितले, की दुसरी बोलली, तिसरी बोलली. मग त्या सगळ्याजणी उठून गुत्त्यावर गेल्या आणि दारूची मडकी फोडली. आपल्या खानदेशच्या बायकांनी हे केले, याचा मला अभिमान वाटतो. पण मडके फुटले तरी ज्याचे अंग दारूवाचून थरथरते तो माणूस उरतोच. मुंबई राज्याने 1949 साली दारूबंदीचा कायदा केला, तेव्हाही हाच अनुभव आला. दुकाने बंद झाली, हातभट्ट्या वाढल्या, आणि पुढे 1963-64 पासून बंदी सैल करावी लागली. पिणाऱ्याला काही दिवस घरापासून, गुत्त्यापासून, सोबत्यांपासून दूर ठेवील आणि तरी माणुसकीने वागवील, असे घर पाहिजे होते.

असे घर ही कल्पना परदेशात जुनी आहे. 1882 साली मुंबईत आलेली मुक्तिफौज आपल्याकडील वृद्धांना ठाऊक असेल. त्या पंथाने इंग्लंडात 1891 साली हॅडली येथे मोठी शेतजमीन घेतली. शहरातल्या दरिद्री आणि दारुड्या माणसांना तेथे ठेवून, शेतीचे काम देऊन, प्रार्थनेच्या बळावर पुन्हा उभे करावे, असा हेतू होता. पुढे 1935 साली अमेरिकेत बिल विल्सन नावाचा दलाल आणि बॉब स्मिथ नावाचा डॉक्टर, दोघेही दारूने बुडालेले, एकमेकांशी बोलून सावरले. त्यांतून अल्कोहोलिक्स अनॉनिमस ही मंडळी निघाली. तिच्या बारा पायऱ्यांत देवाचे नाव आहे, पण ज्याला जसा देव कळतो तसा त्याने मानावा, असे सांगितले आहे. सभेत कोणी आडनाव सांगत नाही. फक्त आजचा दिवस पिणार नाही, एवढाच निश्चय असतो. 1957 साली ही सभा मुंबईत सुरू झाली.

या दोन्ही गोष्टी, राहण्याचे घर आणि बारा पायऱ्या, मुंबईत एकत्र आणल्या फादर जो परेरा या धर्मगुरूंनी. त्यांना स्वतःला दारूचे व्यसन जडले होते आणि ते त्यातून बाहेर आले होते. 1981 साली वांद्र्याला त्यांनी संस्था काढली आणि तिचे नाव ठेवले "कृपा". ख्रिस्ती धर्मगुरू, पण शब्द निवडला आपल्या सर्वांच्या तोंडचा. तेथे सर्व धर्मांची माणसे घेतात. बारा पायऱ्यांना त्यांनी बी. के. एस. अय्यंगार यांच्या योगासनांची जोड दिली. व्यसनाने मोडलेल्या शरीराला आधी नीट श्वास घेण्यास शिकवावे लागते, हे त्यांनी ओळखले. या कामासाठी त्यांना 2009 साली पद्मश्री मिळाली.

पुण्याचे मुक्तांगण हे कोणत्या धर्माचे नव्हे, पण त्याच्यावाचून ही हकीकत पुरी होत नाही. पुण्यात तरुण मुले गर्दच्या नादी लागली, त्यावर अनिल अवचटांनी लिहिले. ते वाचून पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई यांनी एक लाख रुपये देऊ केले. अवचटांच्या पत्नी डॉ. अनिता अवचट येरवड्याच्या मनोरुग्णालयात डॉक्टर होत्या. 29 ऑगस्ट 1986 रोजी केंद्र सुरू झाले. माणूस तेथे पस्तीस दिवस राहतो. औषध, योगासने, गाणी, कामे आणि मोकळे बोलणे हा तेथला उपचार. आणि आपल्या दृष्टीने महत्त्वाचे म्हणजे, पत्नींसाठी "सहचरी" नावाचा वेगळा गट आहे. आजारी एकटा नवराच नसतो, सोसून सोसून बायकोही खचते, हे तेथे मानतात.

आता कडू गोष्टही सांगावयास पाहिजे. माळेनंतर आम्ही दिरांना एका बाबांच्या ठिकाणी नेले होते. नाव, गाव सांगत नाही. अंगारा होता, भजन होते, डॉक्टर नव्हता. रोज पिणाऱ्याने एकाएकी दारू थांबवली, की पहिले तीन-चार दिवस हात कापतात, झोप जाते, भलतेच भास होतात, काहींना झटके येतात. वेळीच औषध मिळाले नाही, तर जीवही जातो. दिरांना झटका आला. तेथल्या माणसांनी अंगात भूत आले म्हणून पायात साखळी घातली. आठव्या दिवशी जाऊबाई भेटीस गेल्या आणि घोट्याची जखम पाहून त्यांना घेऊनच परतल्या. त्या दिवशी त्या धीट झाल्या नसत्या, तर काय झाले असते कोण जाणे.

असे आमच्याच वाट्याला आले असे नाही. तामिळनाडूत एरवाडीच्या दर्ग्याजवळ श्रद्धेपोटी आणून ठेवलेल्या मनोरुग्णांच्या आश्रयस्थानाला 6 ऑगस्ट 2001 रोजी पहाटे आग लागली. साखळीने बांधलेले 28 जण दगावले. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाला साखळीने बांधण्यास मनाई केली आहे आणि व्यसनाचा आजारही त्या कायद्यात येतो. म्हणून माणसाला कोठे ठेवण्यापूर्वी तीन गोष्टी पाहाव्यात. डॉक्टर येतो काय, सरकारी नोंदणी आहे काय, आणि घरच्यांना भेटू देतात काय. या तिन्ही असल्या, म्हणजे मग प्रार्थना कोणत्याही देवाची असो.

शेवटी दिरांना अशाच एका चांगल्या ठिकाणी ठेवले. पहाटे उठणे, प्रार्थना, झाडलोट, आसने, आणि संध्याकाळी गोल बसून ज्याने त्याने आपली हकीकत सांगणे. आम्ही भेटीस गेलो, तेव्हा ते पोळ्या लाटत होते. घरी कधी पाण्याचा तांब्या भरला नव्हता! महिन्याने घरी आले. चार महिन्यांनी पुन्हा एकदा घसरले. आम्हांला वाटले, सारे फुकट गेले. पण तेथल्या लोकांनी सांगितले, की घसरणे हा या आजाराचाच भाग आहे, परत आणा. परत नेले. त्याला आता सहा वर्षे झाली. दर आठवड्याला ते सभेला जातात. गुलाम महाराजांची सोमवारची आरती आणि ही सभा मला एकच वाटते. माळही पुन्हा गळ्यात आहे. या वेळी ती खुंटीवर गेलेली नाही.

माळ खोटी नव्हती, हे मला आता समजते. एकट्या माणसाच्या गळ्यात ती टिकत नाही, इतकेच. तिला औषध लागते, मुक्कामाचे घर लागते, आणि परत आल्यावर दर आठवड्याला बसण्याची जागा लागते.

आणि बायकोला काय लागते? दीर दूर होते तो महिना जाऊबाईंच्या घरात मजुरी आली नाही. तेव्हा आपल्या मंडळातल्या दोघींनी न सांगता ज्वारी आणून ठेवली, एकीने मुलांची शाळेची ने-आण केली. त्या भगिनी हे वाचतील. त्यांची नावे मी घालत नाही, पण विसरले नाही. या वर्धापनदिनी माझी एकच विनंती आहे. हळदीकुंकू आणि भिशीबरोबर महिन्यातून एक दुपार आपण अशी ठेवावी, की जिच्या घरी ही आग आहे तिने येऊन बसावे, बोलावे किंवा नुसते गप्प राहावे. चहा मी करीन. कोणाला अधिक माहिती पाहिजे असल्यास 14446 या सरकारी क्रमांकावर फोन करता येतो, पैसे पडत नाहीत.

लिहिण्यात चुकले असेल तर सांभाळून घ्यावे.