दोन गाड्यांमधली फट

* रस्ता ओलांडायला दोन गाड्यांमध्ये किती सेकंदांची फट हवी, याचे सूत्र सोपे आहे: रस्त्याची रुंदी भागिले चालण्याचा वेग, अधिक पाऊल उचलण्याआधीचा वेळ. ७ मीटर रस्ता, सेकंदाला १.२ मीटर वेग आणि वर ३ सेकंद धरले, तर जवळपास ९ सेकंदांची फट हवी. बीदरच्या मैलूरमध्ये काय, मिश्र वाहतुकीच्या आपल्या कुठल्याही रस्त्यावर काय, तेवढी वाट पाहणारा विरळाच. दुचाकी जाऊ द्यायची, रिक्षापुढून सरकायचे, बससाठी मध्येच थबकायचे. भारतीय अभ्यासक याला ‘रोलिंग गॅप’ म्हणतात. त्यामुळे संगणकातल्या पादचाऱ्याला कडेला एकदाच निर्णय घ्यायला लावणारे प्रारूप इथे फसते; तो पावलागणिक घ्यावा लागतो. हेल्बिंग-मोल्नार यांचे १९९५चे ‘सोशल फोर्स’ प्रारूप मूळचे पायी गर्दीसाठीचे. त्यात वाहने वेगळी घालावी लागतात.
— संपादक